ब्रिटनने स्वतःची छोटी गाडी जपली, आपली मात्र अडवली: फॅमिली कारची एक अर्धवट गोष्ट

पालीहून बोलतोय. म्हणजे आपली बीडजवळची पाली, बिंदुसरा धरणाची. रायगडच्या बल्लाळेश्वराची नव्हे. दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

खाली आहे ते या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. बोलताना मध्ये येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत, सगळे नाही काढले. ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे मांजरसुंब्याच्या घाटात आहेत आणि रेंज गेलीये, त्यांनी इथे वाचा.

गोष्ट सुरू होते हायवेच्या कडेच्या एका गॅरेजमधून. मी बाइकचं काम करायला गेलो होतो. मागच्या बाजूला लिंबाखाली एक जुनी फियाट उभी होती, टायर जमिनीत रुतलेले, काचेवर धुळीचा थर. तिथल्या मिस्तरींना विचारलं, "चाचा, ही कधीची?" त्यांनी फळीवरून एक पिस्टन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "अडुसष्टचा बोअर. ह्या इंजिनाला काय होत नाही. माणूस जातो, हे राहतं."

अडुसष्ट म्हणजे ६८ मिलिमीटर. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्या सिलिंडरची रुंदी. घरी येऊन मी मोबाइलवर शोधत बसलो आणि रात्रीचा एक वाजला. कारण ६८ बाय ७५ मिलिमीटरचं, १०८९ सीसीचं हे इंजिन फियाटने इटलीत १९३७ साली एका गाडीत बसवलं होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्याही आधी! त्याच मापाचं इंजिन पुढे कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत आलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये.

मग माझ्या डोक्यात प्रश्न आला. आपल्या आजोबांच्या पिढीला गाडी म्हटलं की दोनच नावं माहीत होती, अँबेसिडर नाहीतर फियाट. एकीचं मूळ इंग्लंडात, दुसरीचं इटलीत. आपली का नव्हती? आपल्या लोकांना जमत नव्हतं, की कुणी प्रयत्नच केला नाही?

प्रयत्न झाला होता, आणि इथेच, मुंबईत. तो करणारा माणूस आपल्या शेजारचा, सोलापूरचा. पण त्याच्याकडे यायच्या आधी इंग्लंडात जाऊन यावं लागेल. कारण आपल्याला जे नाकारलं गेलं, ते तिकडे त्याच काळात कसं चाललं होतं हे कळल्याशिवाय या गोष्टीतला खरा राग कळत नाही.

बिलियर्डच्या खोलीतली गाडी

पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं. इंग्लंडात गाडी म्हणजे श्रीमंतांची चैन होती. मधल्या वर्गातला माणूस काय वापरायचा? मोटरसायकल, आणि शेजारी साइडकार. बायको साइडकारमध्ये, पोरगं तिच्या मांडीवर, आणि वरून पाऊस. ओळखीचं चित्र वाटतंय ना? आपल्याकडे एका स्कूटरवर चार जण पाहून रतन टाटांना नॅनो सुचली, असं ते स्वतः सांगायचे. इंग्लंडात हा विचार त्यांच्या ऐंशीहून जास्त वर्षं आधी हर्बर्ट ऑस्टिन नावाच्या कारखानदाराने केला.

ऑस्टिनची हालत तेव्हा खराब होती. युद्धात वाढवलेला अवाढव्य कारखाना, मोठ्या गाड्या, आणि गिऱ्हाईक नाही. १९२१ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि कारभार रिसीव्हरकडे गेला. अशा वेळी हा माणूस म्हणतो, आपण अगदी छोटी गाडी काढू. बाकीचे म्हणाले, नको. मग त्याने काय केलं? कारखान्यातल्या स्टॅनली एज नावाच्या १८ वर्षांच्या पोराला, ड्रॉइंग काढणाऱ्याला, घरी बोलावलं. घरातल्या बिलियर्डच्या खोलीत ड्रॉइंगबोर्ड मांडला आणि दोघांनी मिळून गाडी आखली. १८ वर्षं हं! आपल्याकडे त्या वयात डिप्लोमाचं दुसरं वर्ष चालू असतं.

१९२२ मध्ये ती गाडी आली, ऑस्टिन सेव्हन. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम १.९ मीटर. नॅनोचंसुद्धा २.२३ मीटर होतं, म्हणजे अंदाज करा. पण चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, चार माणसं कशीबशी बसतील एवढी जागा. इंजिन सुरुवातीला ६९६ सीसी, लगेच पुढे ७४७ सीसी. ब्रेक चारही चाकांना असले तरी फार भरवशाचे नव्हते. पुढचे हाताच्या दांड्यावर, मागचे पायावर, अशी विभागणी. तरीही लोकांनी ती डोक्यावर घेतली. छोटी असली तरी ती 'खरी गाडी' होती, मोठ्या गाडीसारखीच रचना, फक्त आकाराने बारकी. साइडकारला हूड लावून गाडी म्हणवलेला प्रकार नव्हता.

१९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार ऑस्टिन सेव्हन बनल्या. जर्मनीत डिक्सी नावाच्या कंपनीने परवाना घेऊन तीच गाडी बनवली, आणि १९२८ मध्ये ती कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली. म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली कार ही मुळात ऑस्टिन सेव्हन. ज्यांच्या स्टेटसला बीएमडब्ल्यूचा फोटो आहे त्यांनी नोंद घ्यावी.

टॅक्सने घडवलेलं इंजिन

आता नावातल्या 'सेव्हन'कडे बघू. सात म्हणजे काय? सात हॉर्सपॉवर. पण ही इंजिनाची खरी ताकद नाही. हे आहे सरकारी हॉर्सपॉवर, टॅक्ससाठीचं.

ब्रिटनने १९२१ च्या जानेवारीपासून नियम केला: दर हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड टॅक्स. आणि हॉर्सपॉवर मोजायची कशी? सिलिंडरची रुंदी इंचात घ्या, तिचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, २.५ ने भागा. झालं. गंमत कळली का? या हिशोबात पिस्टन किती लांब चालतो, म्हणजे स्ट्रोक किती, हे कुठे येतच नाही. फक्त रुंदी.

मग तिकडच्या इंजिनियरांनी काय केलं असेल? सिलिंडर अरुंद ठेवले आणि उंच केले. रुंदी कमी म्हणून टॅक्स कमी, उंची जास्त म्हणून ताकद तेवढीच. म्हणून त्या काळची ब्रिटिश इंजिनं उसाच्या कांड्यासारखी, बारीक आणि लांब. कमी वेगात ओढायला बरी. पण लांब सपाट रस्त्यावर तासन्तास पळवली की दमायची.

अमेरिकेची फोर्ड मॉडेल टी घ्या. सिलिंडरची रुंदी पावणेचार इंच. गणित केलं तर २२.५ हॉर्सपॉवर येतं, म्हणजे वर्षाला २३ पौंड टॅक्स. ऑस्टिन सेव्हनचा टॅक्स ८ पौंड. गाडी अमेरिकन असो की इंग्लंडातल्याच कारखान्यात बनलेली असो (फोर्डचा कारखाना १९११ पासून मँचेस्टरला होताच), मोठ्या तोंडाचं इंजिन असलं की खिसा रिकामा. शेवटी फोर्डलाही नमतं घ्यावं लागलं. १९३२ मध्ये त्यांनी खास ८ हॉर्सपॉवरची मॉडेल वाय काढली.

कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचं कशाला सांगतोस? अरे, तुमच्या दारातल्या डिझायरची डिकी अशी कापल्यासारखी का आहे? आपल्याकडे २००६ मध्ये एक्साइज ड्युटी अशी ठरली की गाडी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल १५०० च्या आत, तर टॅक्स कमी. म्हणून २०१२ ची डिझायर चार मीटरच्या आत बसवली. डिझाइनवाल्याने पेन्सिल धरली, पण रेघ अर्थमंत्र्यांनी ओढली. तेच इंग्लंडात १९२१ ला झालं होतं.

तुमच्या स्प्लेंडरवर पण हे गणित करून बघा. बोअर ५० मिलिमीटर, म्हणजे १.९७ इंच. वर्ग ३.८८. सिलिंडर एक. भागिले २.५. उत्तर येतं दीड हॉर्सपॉवरच्या आसपास. खरी ताकद आठच्या जवळपास! सरकारी आकडा आणि खरा आकडा यांत एवढा फरक.

सायकलवाला मॉरिस

हर्बर्ट ऑस्टिनचा मोठा स्पर्धक होता विल्यम मॉरिस. ऑक्सफर्डमध्ये सायकल दुरुस्तीपासून सुरुवात. याची पद्धत वेगळी. इंजिन एकाकडून घे, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, बॉडी तिसऱ्याकडून, आणि आपण फक्त जोडणी करायची. आज चाकणला जे चालतं ना, एका मोठ्या कंपनीभोवती शंभर सप्लायर, तोच हिशोब. आपल्या बीडची कितीतरी पोरं चाकण, रांजणगाव, वाळूजला त्या सप्लायरांकडेच आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

१९२१ च्या मंदीत सगळ्यांच्या गाड्या पडून होत्या. मॉरिसने उलटाच डाव टाकला. भाव वाढवायच्या ऐवजी धाडकन उतरवले, काही मॉडेलवर तर १०० पौंडांपर्यंत. लोकांना वाटलं हा बुडणार. १९२५ मध्ये तो वर्षाला ५० हजारांहून जास्त गाड्या विकत होता.

तरीही या सगळ्या गाड्या बहुतेक उघड्या होत्या, वर कापडी हूड. पाऊस आला की ओढून घ्यायचं. चारही बाजूंनी बंद, काचा आणि पक्कं छप्पर असलेली गाडी, जिला ते सलून म्हणतात (आपल्या कटिंगच्या सलूनचा संबंध नाही), ती महाग पडायची. कारण बॉडी म्हणजे सुताराचं काम. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा नाहीतर कापड. हे बदललं पत्र्याच्या प्रेसने. १९२६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउलीत अमेरिकन तंत्राने अख्खी स्टीलची बॉडी दाबून काढायचा कारखाना उभा राहिला. प्रेस महाग, पण एकदा बसवली की हजारो दरवाजे सारखेच. १९३० च्या दशकात बंद गाडी हीच नेहमीची गाडी झाली. हिलमन मिंक्स, ऑस्टिन टेन, मॉरिस एट. १९३२ मध्ये गाड्यांच्या उत्पादनात ब्रिटनने फ्रान्सला मागे टाकलं आणि युरोपात पहिला नंबर घेतला.

१९३८ मध्ये मॉरिस टेनची नवी गाडी आली, सिरीज एम. या गाडीत चासीचा वेगळा सांगाडाच नव्हता. बॉडी हीच चासी. आजच्या जवळजवळ सगळ्या कार अशाच असतात. इंजिन ११४० सीसी, बोअर ६३.५ मिलिमीटर. म्हणजे बरोब्बर अडीच इंच. आता सूत्र लावा: अडीचचा वर्ग ६.२५, गुणिले ४, भागिले २.५. उत्तर १०. म्हणून नाव टेन. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याकडे परत येणार आहे.

हे सगळं फक्त हुशारीवर झालं का? नाही. ब्रिटनने १९१५ पासून परदेशी गाड्यांवर ३३ टक्क्यांहून जास्त आयात कर लावला होता. १९२४-२५ मधलं एक वर्ष सोडलं तर तो दोन्ही युद्धांच्या मधल्या काळात कायम राहिला. एका बाजूला आयात कर, दुसऱ्या बाजूला हॉर्सपॉवरचा टॅक्स. त्या दोन भिंतींच्या आत ऑस्टिन आणि मॉरिस एकमेकांशी कुस्ती खेळत मोठे झाले. भिंत होती आणि आत कुस्तीही होती. दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवा.

आणि इकडे आपण

इकडे आपलं बीड तेव्हा निझामाच्या राज्यात. बीड शहरात रेल्वे नव्हती (ती यायला २०२५ उजाडलं!). निझामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली, २७ बसगाड्यांनी. त्या बस कुठल्या? स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या. राज्य निझामाचं, रस्ता आपला, बस ग्लासगोची.

कार म्हणाल तर हिंदुस्थानात ब्रिटिश गाड्यांपेक्षा अमेरिकन जास्त चालायच्या. याचं कारण आता तुम्ही स्वतःच सांगाल. टॅक्स वाचवायला बनवलेली बारकी ब्रिटिश गाडी इंग्लंडच्या डांबरी रस्त्यावर ठीक. आपल्या खडी-मातीच्या रस्त्याला उंच, दणकट अमेरिकन गाडी बरी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डही आली. पण जोडणी म्हणजे फक्त जोडणी. खोक्यातून सुटे भाग यायचे, इथे नटबोल्ट आवळायचे. पैसा आणि कसब दोन्ही बाहेर.

ही गोष्ट खटकलेले एक गृहस्थ होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण म्हणून आपण ओळखतो, पण त्यांचं इंजिनियरिंगचं शिक्षण पुण्यात झालं, नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि खडकवासला धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. १९३५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तरीत, ते युरोप-अमेरिकेचे मोटार कारखाने बघून आले आणि मुंबईत मोटार बनवायची अख्खी योजना तयार केली. नुसती जोडायची नाही, बनवायची.

ती योजना उचलली वालचंद हिराचंद यांनी. जन्म १८८२, सोलापूर. आपल्या पालीवरून जो धुळे-सोलापूर हायवे जातो, त्याच्या त्या टोकाचं गाव. रेल्वेची कंत्राटं, बोरघाटातले बोगदे, वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने. १९१९ मध्ये तर ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज लंडनला धाडलेलं. असा माणूस.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यांनी मोटार कारखान्याला मदत करायची तयारी दाखवली. वाटलं, आता होणार. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलले. नाही जमलं. मग क्रायस्लरशी बोलले, आणि १९४० मध्ये करार जमला.

पण मध्ये दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, आणि हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेर सरकार गेलं. उरलं दिल्लीचं ब्रिटिश सरकार. त्यांनी सांगितलं, मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा नाही, आम्ही पाठिंबा देणार नाही. युद्धाच्या काळात सरकारच्या होकाराशिवाय अमेरिकेतून यंत्रं आणायला परकी चलनच मिळत नव्हतं. म्हणजे तोंडावर 'बंदी' कुणी म्हणालं नाही, फक्त दार उघडलं नाही.

आता यातली विचित्र गोष्ट ऐका. त्याच प्रवासात, अमेरिकेहून परत येताना, वालचंदांना विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. तो चीनमध्ये विमानं बनवत होता. बोलता बोलता ठरलं की हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढू. आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरूही झाली. तीच आजची एचएएल! १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली. विमानाला हो. जहाजाला हो. मोटारीला नाही.

का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. लढाईला विमान लागत होतं, म्हणून विमानाला हरकत राहिली नाही. मोटार मात्र युद्ध संपल्यावरसुद्धा विकली गेली असती, ऑस्टिन-मॉरिसच्या आणि शिवडीच्या खोक्यांच्या बाजारात. ज्या सरकारने आपल्या घरी ३३ टक्क्यांची भिंत बांधून छोटी गाडी वाढवली, त्याच सरकारला दुसऱ्याच्या अंगणात तसंच रोप नको होतं. 'हिंदी लोकांना जमणार नाही' हे कारण नव्हतंच. जमेल, हीच अडचण होती.

शेवटी गाडी आली, पण

प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली १९४७ मध्ये, क्रायस्लरच्या परवान्याखाली. विश्वेश्वरय्यांच्या दौऱ्यापासून बारा वर्षं गेली होती. तेवढ्याच वर्षांत ऑस्टिन सेव्हन कागदावरून लाखांच्या आकड्यांत पोचली होती, हे आठवतंय ना?

तिकडे बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स काढली, आधी गुजरातच्या ओखा बंदरात, मग बंगालमध्ये उत्तरपाड्याला. त्यांची पहिली गाडी होती 'हिंदुस्थान टेन'. ओळखलंत? तीच १९३८ ची मॉरिस टेन. नाव हिंदुस्थान, पण मागचा दहाचा आकडा ब्रिटिश टॅक्सच्या सूत्राचा! आपला देश स्वतंत्र झाला आणि आपल्या गाडीच्या पाठीवर त्यांच्या आरटीओचा हिशोब चिकटलेला. पुढच्या हिंदुस्थान फोर्टीनच्या नावातला १४ सुद्धा त्याच हिशोबातला. मग मॉरिस ऑक्सफर्डवरून लँडमास्टर, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी अँबेसिडर, जी २०१४ पर्यंत बनत राहिली.

वालचंदांची तब्येत १९४९-५० नंतर ढासळली, १९५३ मध्ये ते गेले. त्याच सुमाराला प्रीमियरने फियाटशी हात मिळवला होता. आधी छोटी फियाट ५००, मग ११००. आणि १९५३-५४ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायला हवेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. विश्वेश्वरय्या जे मागत होते तेच झालं. कुर्ल्यात भाग बनायला लागले, शिकलेले कामगार तयार झाले, पुण्या-मुंबईत सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उगवले. चाकणच्या गोष्टीची मुळं इथे आहेत, हे मी मानतो.

पण. मघाशी म्हटलं होतं ना, भिंत आणि कुस्ती दोन्ही लक्षात ठेवा? आपण भिंत बांधली. आत पैलवान मोजून दोन-तीन सोडले, आणि त्यांनाही सांगितलं की किती गाड्या काढायच्या ते आम्ही ठरवणार. परवाना सरकारचा, किमतीवर नियंत्रण सरकारचं, गिऱ्हाईक मात्र वर्षानुवर्षं नंबर लावून उभं. मॉरिसने भाव उतरवून बाजार मारला, तसं इथे कुणी करायचं कशाला? गाडी तशीही विकलीच जात होती. म्हणून १९६४ ची ११०० डी, तीच १९७४ मध्ये नाव बदलून पद्मिनी झाली, आणि जवळपास त्याच रूपात शतक संपेपर्यंत बनत राहिली. १९३७ चं इंजिन टिकलं ते नुसतं मजबूत होतं म्हणून नाही. ते बदलायची कुणाला घाईच नव्हती. गॅरेजमधल्या चाचांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, तो भाग वेगळा.

इंग्रजांवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पहिली बारा वर्षं त्यांच्या नावावर लिहा, माझी हरकत नाही. पुढची तीस-पस्तीस मात्र आपलीच.

काळी-पिवळी कुठली?

एक गंमत राहिली. मुंबईकराला 'काळी-पिवळी' म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे पद्मिनी येते. आपल्याकडे काळी-पिवळी म्हणजे चौसाळ्यापासून बीडपर्यंत बारा-पंधरा माणसं कोंबून, टपावर शेळीचं पिलू घेऊन येणारी जीप. ती जीपसुद्धा मूळची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन विलीज, महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली. म्हणजे फॅमिली कार म्हणून जी कुर्ल्यात बनत होती, ती आपल्या बाजूच्या फॅमिलीपर्यंत फारशी आलीच नाही. डॉक्टर, वकील, एखादा बागायतदार, बस्स. बाकीच्यांना एसटी नाहीतर जीप. माझ्या घरात पहिली चारचाकी आली ती जुनी मारुती ८००, तीही तिसऱ्या हाताची. आजोबा तिच्यात बसले, दार लावलं, काच वर केली आणि म्हणाले, "आता पाऊस आला तरी चालतंय."

कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. फियाटचा कारखाना पुढे रांजणगावला गेला. मागच्या महिन्यात मेसेज करणारा आपला एक ऐकणारा तिथेच, एका सप्लायरकडे, रात्रपाळीला प्रेसवर असतो. त्याने विचारलं होतं, "भाऊ, ह्या गाड्यांची सुरुवात कुठून झाली, त्याच्यावर एक भाग कर ना." हा भाग त्याच्यासाठी.

आणि चाचांच्या त्या फियाटचं काय, असं रेकॉर्डिंगनंतर आमच्या एडिटरने विचारलं. काल परत गेलो होतो. गाडी तिथेच आहे. फक्त पिस्टन त्यांनी मला ठेवायला दिलाय. आत्ता टेबलावर, माइकच्या शेजारी आहे. फुटपट्टी लावून बघितली, बरोब्बर ६८.

तुमच्या गावात अशी जुनी गाडी उभी असेल तर फोटो आणि व्हॉइस नोट पाठवा, आणि मालकाला विचारून कळवा की ती आली कुठून. पुढच्या भागात भेटूच.